शंभरात किती?

काही शब्द आपल्या घरात धर्माच्या वाटेने येतात आणि शरीराचे होऊन बसतात. 'शहरग' हा त्यांतलाच एक. सूरह काफच्या सोळाव्या आयतमध्ये मानेतल्या शिरेचा उल्लेख येतो. अरबीत तिथे 'हब्लुल वरीद' असे शब्द आहेत. अल्लाह आपल्या बंद्याच्या किती जवळ आहे, हे सांगायला त्या शिरेचं अंतर मापाला घेतलं आहे. उर्दू तर्जुमा करणाऱ्यांनी तिला शहरग म्हटलं आणि आमच्या दादीने आपल्या कोकणी जिभेवर तिची 'शारग' केली. बकरी ईदला कुर्बानीच्या वेळी अब्बा आम्हा मुलांना जनावराच्या मानेतल्या दोन्ही रगा दाखवत. एक या अंगाला, एक त्या अंगाला, तराजूच्या दोन पारड्यांसारख्या. ते पाहिलेल्या कुणालाही वाटेल की माणसाच्या मानेतही अशाच दोन सारख्या शिरा असणार.

प्रत्यक्षात तसं नसतं. आणि ते सगळ्यात जास्त कळतं कानाजवळ.

मेंदूत दर मिनिटाला साधारण पाऊण लिटर रक्त जातं. ते परत हृदयाकडे आणणारे मोठे मार्ग मेंदूवरच्या जाड आवरणाच्या पदरांत असतात. डॉक्टर या आवरणाला 'ड्यूरा मेटर' म्हणतात. लॅटिनमध्ये मेटर म्हणजे आई. मेंदूच्या आवरणाला आई कोण म्हणेल? आपल्या अरबी हकिमांनी म्हटलं होतं. त्यांच्या ग्रंथांतल्या 'उम्म' या शब्दाचं मध्ययुगातल्या युरोपीय अनुवादकांनी शब्दशः भाषांतर केलं, आणि आज जगभरचे डॉक्टर नकळत तोच अरबी शब्द वापरतात. या आईच्या पदरातून एक मोठा मार्ग डोक्याच्या मध्यावरून मागे उतरतो. कवटीच्या मागच्या बाजूला त्याचे दोन फाटे होतात. प्रत्येक फाटा आडवा जात कानाच्या मागे येतो, तिथे इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वळसा घेतो आणि मधल्या कानाच्या तळाशी एका फुगवट्यात उतरतो. या फुगवट्याला 'जुगुलर बल्ब' असं नाव आहे. तिथून खाली मानेतली मोठी शीर सुरू होते. म्हणजे आपली शहरग कानाच्या खालून, एका पातळशा हाडाच्या पडद्याआडून वाहत येते.

हे दोन फाटे सारखे असणारी माणसं कमीच. बहुतेकांचा उजवा फाटा डाव्यापेक्षा रुंद असतो. उजवीकडून हृदयाकडे जाणारा रस्ता जवळजवळ सरळ उतरतो, डावीकडचा छातीत तिरपा, लांबून येतो. हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. काहींचा डावा फाटा अगदी बारीक असतो, काहींचा जवळजवळ नसतोच. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या मेंदूचा एमआरआय निर्दोष होता अशा १०० जणांच्या शिरांची चित्रं तपासली गेली. त्यांतल्या ३१ जणांच्या आडव्या फाट्यात प्रवाह मध्येच तुटल्यासारखा दिसत होता. ती गुठळी नव्हती, तो रोगही नव्हता. त्यांची घडणच तशी होती.

फुगवट्याचंही तसंच. कुणाचा खाली बसलेला असतो, कुणाचा वर मधल्या कानापर्यंत चढलेला. वर चढलेल्याला 'हाय रायडिंग' म्हणतात. तो उजवीकडे जास्त आढळतो. शंभरात किती जणांचा असतो? इथे अभ्यासांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. काही अभ्यासांत शंभरात पाच-सहा, तर काहींत वीसच्या वर. कारण उंच म्हणजे नेमका किती उंच, यावर मोजणाऱ्यांचंच एकमत नाही. कुणी कानाच्या पडद्याच्या खालच्या कडेपासून मोजतो, कुणी आतल्या शंखाच्या खालच्या वेढ्यापासून. उंबरठा बदलला की आत येणाऱ्यांची संख्या बदलते.

कानामागच्या हाडातून कवटीबाहेर येणारी आणखी एक छोटी शीर असते. ती निम्म्याहून कितीतरी जास्त लोकांत सापडते, बाकीच्यांत सापडत नाही. कुणात एका बाजूला असते, कुणात दोन्ही बाजूंना, कुणात दोन-तीन मिळून. आपल्या देशातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत जपलेल्या कवट्यांवरही अशा मोजण्या झाल्या आहेत. आणि एक गोष्ट मला फार आवडली. जुगुलर बल्ब जन्मतः नसतो. तो साधारण दोन वर्षांच्या वयानंतर दिसू लागतो आणि तरुणपणापर्यंत वाढत राहतो. मूल उभं राहायला, चालायला लागतं, रक्ताच्या उतरणीची दिशा बदलते, आणि त्यातून तो घडतो असं मानलं जातं. पायांवर उभं राहिल्याची खूण कानाखाली उमटते म्हणायची.

ही माहिती माझ्याकडे पुस्तकातून नव्हे, माझ्या उजव्या कानातून आली.

आम्ही वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत राहतो. मुंबईतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून इथे आलो त्याला बरीच वर्षं झाली. इथे रात्र उशिरा होते. स्टेशनवरून शेवटच्या रिक्षा येतात, खालच्या दुकानाचं शटर पडतं, पाण्याच्या टँकरची मोटर थांबते, आणि मग कुठे शांतता येते. त्या शांततेत मला माझ्या उजव्या कानात एक आवाज ऐकू यायला लागला. शिट्टी नव्हे, घंटा नव्हे. कापडावर हळूच फुंकर मारावी तसा, थांबून थांबून. बोटं मनगटावर ठेवून पाहिलं, तर तो नाडीच्या ठेक्यावर चालला होता. माझंच रक्त मला ऐकू येत होतं.

वसई गावातल्या कानाच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आवाज कशाने वाढतो, कशाने कमी होतो?" मी म्हटलं, "डॉक्टर, नमाजात सांगते. सजद्यात डोकं खाली गेलं की वाढतो. शेवटी सलाम फेरताना उजवीकडे मान वळवली की जवळजवळ थांबतो. डावीकडे वळवली की पुन्हा येतो, उलट जास्तच." डॉक्टर ख्रिस्ती होते. त्यांनी मला खुर्चीवर बसल्या बसल्या दोन्हीकडे मान फिरवून दाखवायला लावली. मग म्हणाले, "तुम्ही दिवसातून पाच वेळा माझी तपासणी आपणहून करता आहात." उजवीकडे मान वळली की उजव्या बाजूची शीर दाबली जाते, प्रवाह मंदावतो आणि आवाज थांबतो. म्हणजे आवाज शिरेचा असण्याची शक्यता जास्त, धमनीचा कमी. त्यांनी मानेवर उजवीकडे अगदी हलकं बोट ठेवलं, तर आवाज पार गेला. बोट उचललं, पुन्हा आला.

तरी त्यांनी गोष्ट तिथेच सोडली नाही, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. नाडीच्या तालावरचा आवाज हा कानात येणाऱ्या इतर आवाजांसारखा नसतो. त्यामागे रक्तक्षय असू शकतो, थायरॉईड असू शकतं, मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढलेला असू शकतो, कानातली एखादी गाठ किंवा धमनी आणि शीर यांची चुकीची जोडणी असू शकते. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉईड, डोळ्यांच्या मागच्या पडद्याची तपासणी, कानामागच्या हाडाचा सीटी स्कॅन आणि शिरांचा एमआरआय असं सगळं झालं. रिपोर्टात लिहून आलं की उजवा फाटा रुंद, डावा बारीक, उजवीकडचा जुगुलर बल्ब उंच आणि त्यावरचं हाड पातळ. शेवटी दोन शब्द होते, 'नॉर्मल व्हेरिअंट'.

त्या दोन शब्दांपर्यंत घरातलं कुणी पोचलंच नाही. स्कॅन काढणाऱ्या ठिकाणी कुणीतरी सहज बोलून गेलं होतं, "डोक्यातली नस फुगलेली दिसतेय." ते वाक्य माझ्याआधी घरी पोचलं. संध्याकाळपर्यंत ते कुर्ल्याला नणंदेकडे आणि रात्री चिपळूणला. दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. कुणी आयतुल कुर्सी पढून पाणी प्यायला सांगितलं, कुणी केरळातल्या एका वैद्याचा पत्ता दिला. नणंद मात्र दुसऱ्याच काळजीत होती. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी त्याच महिन्यात चालली होती. ती म्हणाली, "भाभी, कुणाला बोलू नका. पोरीचं ठरेपर्यंत रिपोर्ट कपाटात ठेवा. लोक म्हणतील खानदानी दिमागी बीमारी आहे."

नणंदेला मी दोष देत नाही. आपल्या समाजात मुलीची आई आजारी आहे म्हणजे काय, हे तिने पाहिलं आहे. डाग, दम्याचा पंप, फिट, चष्म्याचा नंबर, सगळं निकाहनाम्यावर सही होईपर्यंत लपवायचं असतं. आणि एकदा लपवलं की त्याचा गुन्हा होतो. जे सांगता आलं असतं ते उघडकीला येतं. माझ्या मुलीच्या संसाराच्या पायात मला तो दगड घालायचा नव्हता. ती स्वतःही म्हणाली, "अम्मी, लपवलंस तर त्यांना वाटेल खरंच काही आहे."

मी रिपोर्ट आणि डॉक्टरांनी कागदावर काढून दिलेलं चित्र घेऊन मुलाच्या आईकडे गेले. चहाबरोबर ते चित्र तिच्यासमोर ठेवलं. हा मेंदू, हा मागचा रस्ता, हे दोन फाटे. लोकांचे असे असतात, माझे असे आहेत. तिने नीट पाहिलं. मग एकच प्रश्न विचारला, "याचं काय करायचं असतं?" मी म्हटलं, "माझ्या बाबतीत काहीच नाही. आवाज राहील, मी सवय करून घेईन. कानाचं कुठलं ऑपरेशन निघालं तर सर्जनला आधी हे चित्र दाखवायचं, म्हणजे तो जपून हात घालेल." ती हसली आणि म्हणाली, "आमच्या सासूबाईंच्या कानात चाळीस वर्षं जातं फिरतंय. त्यांना वाटायचं शेजारणीच्या घरचं आहे." लग्न ठरल्या तारखेला झालं.

सर्जनबद्दल मी जे बोलले ते थोडं उलगडून सांगते, कारण या सगळ्या मोजणीचा खरा उपयोग तिथे आहे. वर चढलेला फुगवटा कधी कधी कानाच्या पडद्यामागे निळसर दिसतो. अजाण माणसाला वाटावं आत पाणी साठलं आहे. ते काढायला सुई घातली, तर जोराचा रक्तस्राव होतो. असे प्रसंग वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. कानामागचं हाड कोरताना तो वळसा नेहमीपेक्षा पुढे आलेला असला, तरी तोच धोका. बारीक फाट्याकडे पाहून कुणी गुठळी समजलं, तर रुग्णाला रक्त पातळ करण्याची औषधं विनाकारण सुरू होतात. आणि खरीच गुठळी असताना 'जन्मापासूनच बारीक असेल' म्हणून सोडून दिलं, तर माणूस हातचा जातो. म्हणजे 'नॉर्मल' काय, हे ठरवायला एकच नमुना पाठ करून भागत नाही. माणसामाणसांत किती फरक असतो, तो सगळा पसारा माहीत असावा लागतो.

डॉक्टरांनी हे मला सांगितलं, तेव्हा ते पटायला मला फार लांब जावं लागलं नाही. आमच्या वसई-विरारला पाण्याने हे शिकवलेलं आहे. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर आणि मध्ये आम्ही. जुलै २०१८ मध्ये इथे असा पाऊस झाला की एव्हरशाईनचे रस्ते ओढे झाले, गाड्या बंद पडल्या, मिठागरांत माणसं अडकली. त्या दिवसांत गॅलरीतून पाहताना लक्षात यायचं की पाणी नकाशा पाहून जात नाही. मोठा नाला तुंबला की ते बारक्या गल्लीतून वाट काढतं. तीही नसेल तर कुणाच्या तरी तळमजल्यावरून जातं. ज्या भागात दुसरी वाट होती, तिथलं पाणी आधी ओसरलं. डोक्यातल्या शिरांचंही तसंच आहे. डावा फाटा बारीक राहिला की उजवा रुंद होतो. मोठी वाट अडली तर कानामागची ती बारकी शीर थोडा भार उचलते. ही वेगळी दिसणारी वाट म्हणजे बिघाड नव्हे. त्या शरीराने आपल्यापुरती लावलेली ती व्यवस्था आहे.

पण अशी मोजणी करायची, म्हणजे ग्रंथात लिहिलेलं बाजूला ठेवून समोरची माणसं पाहायची, याला धैर्य लागतं. आपल्या इतिहासात त्याचं एक मोठं उदाहरण आहे. अब्दुल लतीफ अल बगदादी हे बाराव्या-तेराव्या शतकातले हकीम. जन्म ११६२ चा, मृत्यू १२३१ चा. सन १२०० च्या सुमारास इजिप्तमध्ये भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा ते तिथे होते. माणसं रस्त्यावर मरून पडली होती. काहिराजवळ अल मक्स नावाच्या ठिकाणी सांगाड्यांचा ढीगच होता. त्या काळी वैद्यकात जालिनूसचा, म्हणजे गॅलेनचा शब्द अखेरचा मानत. जालिनूसने लिहिलं होतं की माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो. अब्दुल लतीफ यांनी त्या ढिगाऱ्यात एकामागून एक कवट्या पाहिल्या. त्यांच्या नोंदीप्रमाणे दोन हजारांहून जास्त. दुसऱ्यांनाही पाहायला लावलं. जबडा एकाच हाडाचा निघाला, त्यात सांधा नव्हता. जालिनूसबद्दल पूर्ण आदर राखून त्यांनी लिहून ठेवलं की डोळ्यांची साक्ष त्याच्या शब्दाहून खरी. ते सांगाडे कुणाचे होते? भुकेने मेलेल्या, कफनही न मिळालेल्या गरिबांचे. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत, पण वैद्यकाची एक हजार वर्षांची चूक त्यांनी दुरुस्त करून दिली.

दुसरं उदाहरण आपल्या मराठीतलं आहे, आणि ते मला अलीकडे कळलं. इरावती कर्वे म्हटलं की आपल्याला 'युगान्त' आठवतं, डेक्कन कॉलेज आठवतं. पण १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या होत्या. त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय होता माणसाच्या कवटीची सर्वसाधारण असमानता. म्हणजे कवटीची उजवी आणि डावी बाजू सारखी का नसते. माझ्या रिपोर्टाचाच विषय म्हणा ना, फक्त शिरांऐवजी हाडांचा. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. वंशशुद्धीच्या विचाराचे हे मोठे पुरस्कर्ते. पुढे नाझी राजवटीला त्यांच्या शास्त्राचा आधार मिळाला. फिशर यांचा तर्क असा, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीत असमानता जास्त असणार, कारण मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, आणि ते श्रेष्ठ बुद्धीचं लक्षण. विद्यार्थिनीने ते सिद्ध करून दाखवावं अशी त्यांची अपेक्षा होती.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत जर्मनांनी आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींमधून आणलेल्या कवट्याही होत्या. कुणाच्या परवानगीने आणल्या, हे विचारायची पद्धत नव्हती. मोजमाप संपल्यावर निष्कर्ष निघाला की असमानता सगळ्याच कवट्यांत आहे, आणि तिचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या हाती आपली पदवी आहे त्याच्या आवडत्या सिद्धान्ताविरुद्ध एका पंचविशीतल्या मराठी बाईने हे लिहून दिलं. 'तुम्ही सरळ आणि बाकीचे वाकडे' असं काही नसतं. सगळेच थोडे वाकडे असतात, प्रत्येक जण आपापल्या बाजूला.

अल मक्सचा ढीग आणि बर्लिनची कपाटं यांच्यात सातशे वर्षांचं अंतर आहे. दोन्हीकडे मोजणी झाली ती ज्यांना कुणी विचारलं नव्हतं अशा माणसांची. आणि दोन्हीकडे मोजणाऱ्याने जे दिसलं तेच लिहिलं, म्हणून ती मोजणी माणसाच्या उपयोगी आली. नाहीतर मोजणी दुसऱ्या कामालाही लागते. आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेच्या काळात रिस्ले साहेबाने नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावायचा उद्योग केलाच होता. हातात तीच पट्टी आणि समोर तशीच माणसं असूनही, आधीपासून मनात ठरवून बसलं की आकडे त्या बाजूला झुकतात.

'शंभरात किती' हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपण तो लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वर्गात किती, इमारतीत किती, नोकरीत किती, तुरुंगात किती. मी २८ वर्षं मुंबईतल्या शाळेत मराठी शिकवलं. दरवर्षी नवे पालक यायचे आणि कौतुकाने म्हणायचे, "बाई, तुम्ही मुसलमान असून किती शुद्ध मराठी बोलता!" ते चांगल्या मनाने म्हणत. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी हसायची. पण त्या 'असून'मध्ये एक नमुना बसलेला असायचा. मराठी माणूस म्हणजे अमुक, आणि बाकीचे अपवाद. उलट बाजूनेही तेच. उत्तरेकडून आलेली एखादी पाहुणी म्हणायची, "आप लोग घर में उर्दू नहीं बोलते? फिर कैसे मुसलमान?" दोघांच्याही मनात एकच चित्र होतं, आणि आमचं घर त्या चित्रात बसत नव्हतं. कोकणातल्या खाड्यांच्या काठी, सोपाऱ्यात, वसईच्या गावांत, देशावर आणि मराठवाड्यात आमच्यासारखी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. शंभरात कमी असतील, पण आहेत ती आहेत.

रिपोर्टातल्या 'नॉर्मल व्हेरिअंट' या शब्दांत मला म्हणूनच थोडा दिलासा वाटला. एक तर त्यात लाजिरवाणं काही नाही. आणि त्यात उगाच गौरवही नाही. माझा उंच फुगवटा हा काही सन्मान नव्हे, मला त्याचा रात्री त्रासच होतो. कमी संख्येने असणं हा रोग नाही, तशी ती करामतही नाही. ती एक घडण आहे, तिचे काही फायदे असतील, काही तोटे. ती समजून घेऊन वागावं लागतं. घरच्यांनीही आणि सुरी हातात असलेल्यानेही.

पण या दिलाशाचा कुणी चुकीचा अर्थ घेऊ नये. माझा रिपोर्ट बाहेर पडल्यावर आमच्या इमारतीतल्या चार-पाच बायका हळूच येऊन म्हणाल्या, "मलाही येतो हो आवाज." इतकी वर्षं कुणाला बोलल्या नव्हत्या. त्यांतल्या एकीचं हिमोग्लोबिन साडेसहा निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-तीन महिन्यांत तिचा आवाज गेला. तिला मी आधीच सांगून टाकलं असतं की 'असतं असं, माझंही आहे', तर ती तशीच झिजत राहिली असती. उंच फुगवटा असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर कसलाही आवाज येत नाही. म्हणून स्कॅनमध्ये तो दिसला म्हणजे आवाजाचं कारण सापडलंच, असंही नाही. बाकी सगळं तपासून, वगळून, मगच डॉक्टर ते दोन शब्द लिहितात. ते शब्द तपासणीच्या शेवटी आले तरच खरे. नाडीच्या तालावर आवाज येत असेल, त्याबरोबर डोकं दुखत असेल, नजर अंधुक होत असेल, तर दुआ जरूर करावी, पण कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन करावी. आणि स्वतःच्या मानेवर जोराने दाबून पाहण्याचा प्रयोग कुणी करू नये. त्या रस्त्यावर धमन्याही आहेत.

माझी नात आता एक वर्षाची होईल. सुट्टीला मुलगी तिला घेऊन आमच्याकडे येते, तेव्हा ती खिडकीची जाळी धरून उभी राहते, दोन क्षण डुलते आणि मटकन खाली बसते. पुन्हा उठते. तिच्या कानाखाली तो फुगवटा अजून घडायचा आहे. उजवीकडचा मोठा होईल की डावीकडचा, उंच चढेल की खालीच बसेल, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. तिची नणंद-आजी म्हणते, "आजीवर जाईल." मी म्हणते, कुणावरही जाऊ दे. आधी तिला नीट उभं राहू दे.